रियाजाचे पैसे कोण भरतं?

आजचा भाग काशीहून, बालाजी घाटावरून. पायऱ्यांवर बसलोय, मागे वर बालाजीचं मंदिर आहे, बाजूला पंचगंगा घाट. आणि विषय आहे मोटर रेसिंग. हसू नका, संबंध आहे, सांगतो.

कोल्हापूरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगा चौदा वर्षांचा. गो-कार्टिंग करतो, चांगला वेगवान आहे. एक गृहस्थ म्हणतात, मी याला युरोपात पाठवतो, सगळा खर्च माझा. फक्त दहा वर्षांचा करार करा आणि पुढच्या कमाईत मला वाटा द्या. ताई विचारतात, "आज सही केली आणि उद्या मोठ्या टीमचं बोलावणं आलं, तर माझ्या मुलानं काय करायचं? शब्द पाळायचा की स्वप्न?" सोबत त्यांनी कराराचा मसुदाही पाठवलाय.

उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पण हा घाट त्यासाठी बरा आहे. पेशव्यांच्या नावाशी जोडलेली, पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेलेली ही जागा. शेजारच्या ब्रह्मा घाट, दुर्गा घाटाच्या गल्ल्यांत अजून मराठी कानावर पडतं. पण जगाला बालाजी घाट ठाऊक आहे तो उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्यामुळे. १९१६ साली डुमराँवला जन्मलेला हा मुलगा काशीत मामाकडे आला. मामा अलीबख्श विलायतू विश्वनाथ मंदिराशी जोडलेले सनईवादक. आणि या मुलाचा रियाज चालायचा इथे, बालाजीच्या मंदिरात. वर्षानुवर्षं. पुढे भारतरत्न मिळालं ते २००१ साली.

आता मला सांगा, त्या रियाजाला खर्च किती आला असेल? एक सनई, काही पत्त्या, फुप्फुसातला श्वास आणि पहाटेची झोप. गुरू घरातलाच, जागा देवाची. उद्या बिस्मिल्ला खाँ कुठेही वाजवायला गेले असते, तरी "तुझ्या रियाजावर मी एवढे लाख घातले" असं म्हणणारा कोणी नव्हता. ते गेले नाहीत ही वेगळी गोष्ट. अमेरिकेत स्थायिक व्हायचा आग्रह झाला तेव्हा त्यांनी गंगा सोबत आणता येणार नाही म्हणून नकार दिला, असं काशीत सगळे सांगतात. पण राहणं किंवा जाणं हा निर्णय त्यांचा होता, कारण रियाज त्यांचा होता.

रेसिंग ड्रायव्हरचा रियाज त्याचा नसतो. गाडी दुसऱ्याची, इंजिन दुसऱ्याचं, टायर दर दोन-चार तासांनी नवे, मेकॅनिकांचा ताफा, ट्रॅकचं भाडं. फॉर्म्युला वनच्या खालची पायरी म्हणजे फॉर्म्युला टू. तिथला एका मोसमाचा खर्च वीस लाख युरोच्या वर जातो. म्हणजे पुण्यातल्या भल्या भल्या घराला पेलणार नाही असा आकडा, आणि तोही एका वर्षाचा. त्याआधी कार्टिंगची सहा-सात वर्षं आहेतच. एवढा पैसा स्वतःच्या खिशातून घालणारी घरं जगात मोजकी. बाकी सगळ्यांसाठी कोणीतरी दुसरा पैसे भरतो: टीम, कंपनी, एखादा श्रीमंत हौशी. आणि जो रियाजाचे पैसे भरतो, त्याला रियाजातून जे निघेल त्यावर हक्क हवा असतो. मोटर रेसिंगमधल्या करारांची सगळी भांडणं या एका मुळातून फुटतात. महत्त्वाकांक्षा विरुद्ध प्रामाणिकपणा असं नाटक वर चालतं, खाली हिशेब हाच असतो.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ऑस्कर पियास्त्रीचं. मेलबर्नचा मुलगा. २०२० साली फॉर्म्युला थ्री जिंकली, २०२१ साली फॉर्म्युला टू, दोन्ही पहिल्याच प्रयत्नात. रेनोच्या, म्हणजे पुढे अल्पीन नाव घेतलेल्या टीमच्या अकादमीतला. २०२२ साली अल्पीनने त्याला राखीव ड्रायव्हर केलं, जुन्या मॉडेलच्या गाडीत बसवून हजारो किलोमीटर चाचण्या करू दिल्या. थोडक्यात, रियाजाचे पैसे अल्पीनचे. पण खुर्ची? अल्पीनच्या दोन गाड्यांत फर्नांडो अलोन्सो आणि एस्तेबान ओकोन बसलेले. आमचा हिरा बाकावर.

मग आला ऑगस्ट २०२२. १ तारखेला अलोन्सो पुढच्या वर्षी ॲस्टन मार्टिनकडे जाणार असं जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी अल्पीनने झटपट पत्रक काढलं: २०२३ साठी आमचा ड्रायव्हर पियास्त्री. काही तासांत पियास्त्रीने स्वतः लिहिलं की हे माझ्या संमतीशिवाय काढलंय, मी अल्पीनशी २०२३ साठी करार केलेला नाही आणि पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी गाडी चालवणार नाही. एकवीस वर्षांचा पोरगा, एकही फॉर्म्युला वन शर्यत न धावलेला! अल्पीनचे प्रमुख ऑटमार साफनावर यांनी उघडपणे त्याच्या सचोटीवर बोट ठेवलं. आपल्याकडे म्हणतात तसं, ज्या ताटात जेवला त्यातच थुंकला, हा सूर युरोपातही लागला.

प्रकरण गेलं करार मान्यता मंडळाकडे. फॉर्म्युला वनमध्ये टीम आणि ड्रायव्हर यांचे करार या मंडळाकडे नोंदवावे लागतात, आणि दोन टीम एकाच माणसावर हक्क सांगू लागल्या की हे मंडळ निवाडा देतं. २ सप्टेंबर २०२२ रोजी निकाल लागला, एकमताने: ग्राह्य करार एकच, मॅक्लारेनशी ४ जुलै २०२२ रोजी झालेला. पियास्त्री २०२३ आणि २०२४ मध्ये मॅक्लारेनसाठी धावणार. वर दाव्याचा खर्चही अल्पीनच्या डोक्यावर, पाच लाख डॉलरच्या पुढे.

हे झालं कसं? इथे नीट लक्ष द्या, कारण बातम्यांत हा भाग फार कमी आला. अल्पीन आणि पियास्त्री यांच्यात नोव्हेंबर २०२१ पासून अटींचा मसुदा फिरत होता. पण त्यावरून पक्का करार तयार होऊन सह्या व्हायच्या, त्या झाल्याच नाहीत. कायदेशीर विभागावर कामाचा बोजा होता, हेही सुनावणीत पुढे आलं. एवढा पैसा चाचण्यांवर घातला आणि कागद पुरा केला नाही! अल्पीनला वाटलं, मुलगा आपला आहे, जाईल कुठे. मी म्हणतो, सचोटीची भाषा बोलणाऱ्याने आधी मसुदा वेळेवर पाठवावा. उपकाराची जाणीव असावी, जरूर असावी, पण उपकार म्हणजे करार नव्हे, आणि उपकाराच्या जोरावर माणूस बांधून ठेवायचा असेल तर ते लिहून घेण्याची जबाबदारी बांधणाऱ्याची.

पण थांबा, पियास्त्रीला हार घालायची घाई नको. त्याची मॅक्लारेनमधली खुर्ची रिकामी नव्हती. तिथे डॅनियल रिकार्डो बसलेला होता, त्याचाही ऑस्ट्रेलियाचाच, आणि त्याच्याकडे २०२३ चा करार होता. सही झालेला, खणखणीत. मॅक्लारेनने पैसे मोजून तो आधीच संपवला. २४ ऑगस्टला "परस्पर संमतीने" असं पत्रक निघालं. परस्पर संमती हा शब्द खेळात ऐकला की समजावं, एकाची संमती होती आणि दुसऱ्याला चेक मिळाला. याच रिकार्डोसाठी २०११ साली एचआरटी टीममधून आपल्या नारायण कार्तिकेयनला अर्ध्या मोसमात उठवलं होतं. रेड बुलला आपल्या पोराला सराव द्यायचा होता, एचआरटीला पैशांची गरज होती. नारायण परत गाडीत बसला तो त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतातली पहिली ग्रां प्री झाली तेव्हा. त्याआधी २०१० साली त्याच टीमने करुण चंढोकलाही मोसमाच्या मध्यात बाजूला केलं होतं.

म्हणून मी नेहमी सांगतो, ड्रायव्हरने करार मोडला की मथळे होतात, टीमने मोडला की त्याला धोरण म्हणतात.

हे आजचं नाही. १९९१ साली मायकेल शूमाकर बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर जॉर्डन टीमकडून पहिल्यांदा उतरला. जॉर्डनचा नेहमीचा ड्रायव्हर बर्त्रां गाशो लंडनमध्ये टॅक्सीवाल्याच्या तोंडावर अश्रुधूर मारल्याबद्दल तुरुंगात होता, म्हणून जागा झाली. पैसे मर्सिडीजने भरले. शूमाकरने सातवा क्रमांक पात्रता काढली, शर्यतीत पहिल्याच फेरीत क्लच गेला. पण सगळ्यांचे डोळे उघडले. पुढच्याच शर्यतीत तो बेनेटनच्या गाडीत! जॉर्डनकडे सही केलेलं पत्र होतं, पण एडी जॉर्डन यांनी नंतर सांगितलेली हकीगत अशी, की त्या पत्रात "तो करार" याच्या जागी "एक करार" असा बदल करून सही झाली होती. तो करार म्हणजे समोर ठेवलेला मसुदा. एक करार म्हणजे कुठला तरी, पुढे कधी तरी. इंग्रजीतल्या एका अक्षराने सात वेळा जगज्जेता होणारा माणूस हातातून निसटला. लंडनच्या न्यायालयानेही जॉर्डनला मनाई हुकूम दिला नाही.

आणि बेनेटनमध्ये ज्याला उठवलं त्या रॉबेर्तो मोरेनोचं नाव आज कोणाला आठवतं? ब्राझीलचा साधा, मेहनती ड्रायव्हर. त्याच्याकडे चालू करार होता. तो इटलीच्या न्यायालयात गेला, शेवटी पैसे घेऊन तडजोड केली आणि जॉर्डनच्या रिकाम्या गाडीत बसला. या गोंधळातूनच पुढे ते करार मान्यता मंडळ जन्माला आलं.

आता उलटी बाजू बघू. जेन्सन बटन. २००४ साली बीएआर टीममध्ये झकास चाललेलं असताना याने जाहीर केलं की पुढच्या वर्षी विल्यम्सकडे जातोय. बीएआर म्हणाली, करार आमच्याशी आहे. मंडळाने बीएआरचं खरं मानलं, बटन राहिला. मग त्याने २००६ साठी विल्यम्सशी नक्की केलं. तोवर विल्यम्सचं बीएमडब्ल्यू इंजिन जाणार हे ठरलं आणि इकडे बीएआर होंडाच्या ताब्यात येऊ लागली. आता त्याला जायचंच नव्हतं! शेवटी विल्यम्सला मोठी रक्कम देऊन त्याने स्वतःला सोडवून घेतलं. म्हणजे एका वर्षी जाता येईना म्हणून भांडला, दुसऱ्या वर्षी राहता यावं म्हणून पैसे भरले. २००६ मध्ये हंगेरीत पहिली शर्यत जिंकला, २००९ मध्ये त्याच कारखान्यातून निघालेल्या ब्रॉन टीमकडून जगज्जेता झाला. निर्णय बरोबर ठरला, पण पैसे द्यावे लागले ते लागलेच.

याच्याही पुढची कथा ॲलेक्स पालोची. स्पेनचा. अमेरिकेतल्या इंडीकार मालिकेत २०२१ चा विजेता, टीम चिप गनासीची. जुलै २०२२ मध्ये गनासीने जाहीर केलं की आम्ही करारातला पर्याय वापरून त्याला पुढच्या वर्षीही ठेवतोय. त्याच संध्याकाळी पालो म्हणाला, त्या पत्रकात माझ्या तोंडी घातलेलं वाक्य माझं नाही, मी जाणार. मॅक्लारेनने त्याचं नाव जाहीरही केलं. गनासी न्यायालयात गेली, तडजोड झाली: २०२३ मध्ये गनासीसाठी धाव, मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाडीची चाचणी घे. मॅक्लारेनने त्याला चार लाख डॉलरची उचलही दिली. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पालोने मॅक्लारेनला कळवलं की मी येत नाही, गनासीकडेच राहतो.

का? त्याची बाजू अशी की मला फॉर्म्युला वनचं स्वप्न दाखवलं होतं. मग मॅक्लारेनने पियास्त्री घेतला आणि ते दार माझ्यासाठी बंद झालं. बघा, पियास्त्री, रिकार्डो, पालो, तिघेही एकाच खुर्चीभोवती फिरताहेत. पालोची चूक नेमकी कुठे झाली असं मला वाटतं ते सांगतो. त्याची महत्त्वाकांक्षा फॉर्म्युला वनची होती आणि सही इंडीकारच्या कराराखाली होती. स्वप्न बोलण्यात राहिलं, कागदात आलंच नाही. "फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही तर मी मोकळा" ही एक ओळ असती तर पुढचं सगळं टळलं असतं. मॅक्लारेनने लंडनमध्ये दावा लावला आणि जानेवारी २०२६ मध्ये निकाल आला: पालोने एक कोटी वीस लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यावी. गंमत अशी की गनासीत राहून त्याने २०२३, २०२४, २०२५ अशी ओळीने तीन विजेतेपदं घेतली, वर २०२५ ची इंडियानापोलिस ५०० जिंकली. खेळाच्या दृष्टीने राहणं बरोबर, हिशेबाच्या दृष्टीने महाग.

न्यायालयाने त्याला मॅक्लारेनची गाडी चालवायला लावलं का? नाही. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण तो आपल्याकडेही लागू आहे. अंगच्या कौशल्याची, वैयक्तिक सेवेची कामं न्यायालय जबरदस्तीने करून घेत नाही. आपल्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं, १९६३ च्या, हेच धोरण आहे. गवयाला गा म्हणता येत नाही. फार तर कराराच्या मुदतीत दुसरीकडे गाऊ नकोस असं सांगता येतं, नाहीतर नुकसानभरपाई. म्हणजे करार मोडण्याला किंमत असते, आणि बहुतेक वेळा ती रुपयांत मोजली जाते. शब्द मोडल्याची दुसरी किंमत असते ती कुठल्याच निकालपत्रात नसते: पुढची टीम तुमच्याशी बोलताना आधी वकील बोलावते.

आता कोल्हापूरच्या ताईंच्या कामाचं, अगदी आपल्या महाराष्ट्रातलं प्रकरण. रेसिंगचं नाही, क्रिकेटचं, पण मसुदा तसाच. श्रीरामपूरचा झहीर खान. २००० साली नुकताच भारतीय संघात आलेला, तेव्हा परसेप्ट डी मार्क या कंपनीने त्याच्या जाहिरातींचं काम पाहण्याचा तीन वर्षांचा करार केला. त्यात एक कलम होतं: मुदत संपल्यावर दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला दाखवायचा, आणि आम्ही तेवढंच देऊ केलं तर आमच्याकडेच राहायचं. २००३ मध्ये मुदत संपली, झहीर दुसऱ्या कंपनीकडे गेला. परसेप्ट मुंबई उच्च न्यायालयात. एका न्यायमूर्तींनी कंपनीच्या बाजूने मनाई हुकूम दिला, खंडपीठाने तो उठवला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचं कायम केलं. कारण भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७: माणसाला त्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल. मुदत चालू असताना बांधिलकी चालते, मुदत संपल्यावर ओढून धरणारी दोरी चालत नाही. उदयोन्मुख पोराकडून सही घेताना "पुढेही आमचाच" हे कलम हळूच टाकायची सवय जुनी आहे. झहीरने ती न्यायालयात मोडून काढली.

पण ताई, या निकालावर निश्चिंत होऊन सही करू नका. तुमच्या मसुद्यात शेवटच्या पानावर लिहिलंय की वाद झाला तर इंग्लंडचा कायदा आणि लंडनचा लवाद. म्हणजे आपलं कलम २७ तिथे फारसं कामाला येणार नाही. एवढी एक ओळ सगळं फिरवते.

दुसरं. मुलगा चौदाचा आहे. आपल्या कायद्याने अठराच्या आतल्या मुलाने केलेला करार मुळातच करार नसतो. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी खटल्यात हे पक्कं केलं. अठरा झाल्यावर जुन्या कागदाला नुसती मान डोलावूनही चालत नाही, नवा करार लागतो. मग मसुद्यात सही कोणाची मागितलीय? तुमची आणि मुलाच्या बाबांची, "हमीदार" म्हणून. म्हणजे मुलगा उद्या मोकळा, देणं तुमच्या गळ्यात, आणि घर गहाण पडलं तर कोल्हापुरातलं. हे गृहस्थांना विचारा. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पैसा घालणाऱ्याला परतावा हवा असणं यात गैर काही नाही, त्यांच्याशिवाय पोरगा युरोपात पोचणारही नाही.

मुंबईचा जेहान दारूवाला बघा. २०११ च्या फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेतून पुढे आला, २०२० ते २०२२ रेड बुलच्या छत्राखाली होता, फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकल्या. फॉर्म्युला वनची खुर्ची मिळाली नाही, रेड बुलशी नातं संपलं, तो पुढे फॉर्म्युला ई मध्ये गेला. यात कोणी कोणाला फसवलं नाही. बहुतेक गुणी मुलांचं असंच होतं. खुर्च्या जगात वीस-बावीस, दारात उभी मुलं शेकड्यांनी. म्हणून "मोठ्या टीमचं बोलावणं आलं तर" हा तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण ते बोलावणं आलंच नाही तर काय, हा प्रश्न जास्त शक्यतेचा आहे आणि मसुद्यात त्याला जागाच नाही.

माझ्या मते मुलाची महत्त्वाकांक्षा सहीच्या आधी कागदावर उतरली पाहिजे. दहा वर्षांऐवजी तीन, आणि पुढे वाढवायचं तर दोघांच्या संमतीने. वरच्या श्रेणीची टीम आली तर ठरलेली रक्कम देऊन सुटका, आणि ती रक्कम आत्ताच आकड्यात. २०२२ मध्ये पियास्त्री गेल्यावर अल्पीनने पियेर गासलीला घेतलं, तेव्हा रेड बुलला मोबदला देऊन त्याला कायदेशीर सोडवून आणलं. कोणी रडलं नाही, कोणी न्यायालयात गेलं नाही. सुटकेची किंमत ठरवता आली की तिथे शब्दही राहतो आणि स्वप्नही. आणि एकदा अशी सही झाली की मग मात्र टिकायचं. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. शेजारची गाडी जास्त वेगवान दिसते म्हणून चौथ्या महिन्यात "मला वाटलं नव्हतं" हे चालणार नाही.

आणि ताई, पान चार पुन्हा वाचा. "खेळाडूने खेळ सोडल्यास झालेला सर्व खर्च परत करावा." समजा सोळाव्या वर्षी पोरगा म्हणाला, मला नको ही गाडी, मला इंजिनिअर व्हायचंय. किंवा हात मोडला. किती परत करायचं, कोणत्या बिलांवरून, किती वर्षांत, व्याज लावून की बिनव्याजी, यातलं एक अक्षर तिथे नाही. ते लिहून आणा, मग पुढचं बोलू.